मनिषाचा पहिला खर्डा

३ सप्टेंबर

टाकला! सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर निबंध टाकला. आता साडेचार. बावीसच्या बावीस जणांनी उघडलाय, एकानंही तोंड उघडलेलं नाही. नाथानं मध्येच समोशाचा फोटो टाकला. समोसा! माझ्या अडीच महिन्यांच्या कामावर समोसा!

नाव ‘एकांताचं वास्तुशास्त्र’. तो बेटावरचा गेम – दीपगृह सांभाळायचं, रोज दिवा लावायचा, जहाजं लांबून जातात, उतरत कुणीच नाही. एकशे दहा तास खेळले मी. पुण्याची नोकरी गेल्यावर इथं दिंद्रुडला आई-आबांकडं येऊन दुसरं केलं काय? तो गेम, आणि आबांच्या ट्रकच्या याद्या टाईप करणं.

ग्रुपवर मी अजून पुण्यातच आहे. कोथरूड, तिसरा मजला, बाल्कनीत तुळस. तुळस माझी मलाच आवडते, इतकी खोटी आहे.

त्रिंबकच्या दिवाळी अंकात – अख्खा अंक गेमवर, मराठीत, ऑनलाइन – एकच जागा उरलीय. ती माझी. दुसऱ्या कुणाची असणार? बाकीच्यांना जोडाक्षरं येत नाहीत.

४ सप्टेंबर

आले अभिप्राय.

त्रिंबक (नाशिक, बँकेत नोकरी, अंकाचा संपादक, स्वतःला फार सज्जन समजतो) – "सायली, भाषा स्वच्छ आहे. गेम बारकाईनं खेळलीयस. पण हे कुणी लिहिलंय ते कळत नाही. तू कुठं आहेस यात?"

कुठं आहे म्हणजे? वर नाव लिहिलंय ना!

नाथा (सोलापूर, गेममधल्या चुकांचे व्हिडिओ करतो, आयुष्यात एक परिच्छेद सलग लिहिलेला नाही) – "वाचता वाचता मावसभावाचा पीएच.डी.चा व्हायवा आठवला. तिथं बी मला झोप आलती." खाली हसणारे सतरा चेहरे. सतरा! कोणाकोणाचे ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत.

आणि सगळ्यांत शेवटी ती नवी पोरगी, मनिषा. ऑगस्टमध्ये आलीय ग्रुपवर. "ताई मला लई कळलं न्हाई पन भारी वाटलं."

नाथाचं खपवून घेईन. हिचं नाही.

५ सप्टेंबर

जेवले नाही. आई म्हणाली, "कावून गं, तोंड उतरलंय?"

"डोकं दुखतंय."

"त्या मोबाइलनं दुखतंय. बाकी कशानं न्हाई."

७ सप्टेंबर

मनिषानं लेख टाकला. लेख कसला – सोळा मेसेज, एकाखाली एक. बोलून टाईप केलेले, त्यामुळं मध्येच "भाकर थापू का आता" हेसुद्धा छापून आलंय. मी हसायला मोकळी झाले होते. तिसऱ्या मेसेजला हसू गेलं.

ट्रकचा गेम आहे. फुकट मिळतो, पोरंटोरं खेळतात. ओंडके भरायचे, घाटातून न्यायचे, वेळेत पोचायचं. ही दर वर्षी आईबापाबरोबर ऊसतोडीला जाते. तिथं पाचटाच्या झोपडीत, कोपीत बसून आईच्या फुटक्या काचेच्या मोबाइलवर खेळते. आणि लिहिते काय? उतरवून ठेवते –

"घाट लागला की मी आधी कॅमेरा फिरवून लोडवर बघते. वर कुणीच बसलेलं नसतं. पहिल्यांदा बघितलं तवा वाटलं, आई पडली."

पुढं – "गेममधी रिव्हर्स घेताना मागं उभं राहून येऊ दे येऊ दे म्हणणारं कुणी न्हाई. खरं तर ते बापाचं काम हाय. म्हणून मला गेममधी रिव्हर्स जमत न्हाई. मी बापाची वाट बघत बसते आन् टायमर संपतो."

चार वेळा वाचलं. इथं कुणी बघत नाही म्हणून लिहिते – असं वाक्य मला जन्मात सुचणार नाही. ‘वाटलं, आई पडली.’ तीन शब्द! माझ्या निबंधात पहिल्याच वाक्यात एकतीस शब्द आहेत.

त्रिंबक – "मनिषा, दोनदा वाचला. दुसऱ्यांदा मोठ्यानं, बायकोला." नाथानं एकही विनोद केला नाही. नाथानं!

८ सप्टेंबर

त्रिंबकचा निकाल: "जागा एक, लेख दोन. चित्रकार एकाच लेखाचं चित्र करून देणार आहे. दोघींनी पंधरा ऑक्टोबरपर्यंत पक्का खर्डा द्यावा. मग ठरवू."

म्हणजे माझी सोळा वर्षांची शाळा-कॉलेजं आणि तिचे सोळा मेसेज एका ताजव्यात.

कुणीतरी तिला विचारलं, तू कुठली. "दिंद्रुडजवळची. वाडीवरची."

ती वाडी आमच्या गच्चीवरून दिसते!

नाथा म्हणाला, "सायली, तुझ्या पुण्यापासून किती लांब गं?" मी लिहिलं, "त्या भागाची मला माहिती नाही."

१० सप्टेंबर

संकष्टी. आईला घेऊन लिंबागणेशला गेलते. हात जोडून गणपतीला म्हटलं, तिचा मोबाइल पडू दे. फुटकाच आहे, अजून एकदा पडला तर कुणाचं काय जातंय.

आईनं विचारलं, "काय मागितलंस?"

"नोकरी."

आईनं माझ्या नावानं पुन्हा एकदा हात जोडले.

१२ सप्टेंबर

गणपतीनं मोबाइल नाही पाडला. त्यापेक्षा बरं दिलं.

मनिषाचा खासगी मेसेज – "ताई एक विचारू का. त्रिंबक सरांना विचारायचं भ्या वाटतं. तुमी लई शिकलेल्या हाव. माजा लेख सुधारून द्याल का? तुमच्यासारखं लिवायचंय."

तुमच्यासारखं लिवायचंय!

आधी प्रामाणिकपणे शुद्धलेखन केलं. दोन तास. ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार. ते करताना चांगलं वाटत होतं, हेही लिहून ठेवते. मग आईच्या वाक्यापाशी आले. बोट थांबलं. आणि मग लिहिलं –

"मनिषा, आईचा भाग फार खासगी वाटतो. वाचक गेमबद्दल वाचायला आलेला असतो. हे काढलंस तर लेख मोठा होईल."

‘मोठा होईल’ हे दोन शब्द शोधायला दहा मिनिटं लागली. ‘चांगला होईल’ म्हटलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. मोठं व्हायला सगळ्यांनाच आवडतं.

१५ सप्टेंबर

तिचं उत्तर – "ताई, आईचं काढायलाच पायजे का? तिला वाचून दाखवलं तवा लई हसली. म्हणाली, मी कशाला पडतीय, मी दोर धरून बसते."

हे तर आणखी भारी! हे लेखात गेलं असतं तर मी संपलेच होते. लगेच लिहिलं, "तुला आईसाठी लिहायचंय की वाचकांसाठी? ठरव."

अर्ध्या तासानं – "वाचकांसाठी ताई." काढलं.

आज मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१९ सप्टेंबर

तिनं फोनच केला. घ्यायला नको होता. दार लावून घेतलं आणि पुण्याचा आवाज लावला.

"ताई, त्रास देती का मी?"

"छे गं. बोल ना."

"तुमचा बेटाचा गेम मी उतरवून बघितला. आमच्या मोबाइलवर चालंना. नुसता निळा पडदा. मग तुमचा लेखच परत वाचला. तीनदा."

"बरं. मग?"

"ताई, राग येणार न्हाई ना? तुमी त्या बेटावर सारख्या सारख्या कावून जाता? तुमाला कुणी सोडून गेलंय का?"

पाठीमागं तिच्याकडं कुणीतरी भांडी घासत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

"तसं काय न्हाई," मी म्हणाले.

न्हाई! तोंडातून गेलं. ती लगेच, "ताई, तुमी आमच्याकडच्या का वो?"

"नाही नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी असं बोलतात. सवय लागते."

"हां. आसंल."

मग तिला म्हटलं, तुझ्या लेखात विचार कमी आहे, संकल्पना आण. ती म्हणाली, संकल्पना म्हणजे कसं? मी माझ्याच निबंधातले सहा शब्द तिला सांगितले. ती लिहून घेत होती. पेनचा आवाज येत होता. हळू सांगा म्हणाली. मी हळू सांगितले.

२४ सप्टेंबर

तिसरा खर्डा आला. ‘ट्रकच्या अवकाशातील श्रमाची अनुपस्थिती.’ हे तिनं लिहिलंय! वाडीवरच्या, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या पोरीनं! ‘अधोरेखित’ हा शब्द चार वेळा, त्यातला एकदाही जागेवर नाही.

वाचताना मान गरम झाली. हे तर मी आहे. माझा निबंध दुसऱ्याच्या अंगात असा दिसतो? नाथा खरंच बोलला होता.

इथं थांबायचं होतं. थांबले नाही. बापाचं रिव्हर्सचं राहिलं होतं. "हे विनोदी वाटतं, लेखाचा भारदस्तपणा जातो" म्हणून तेही काढायला लावलं.

तिनं लिहिलं, "तुमी म्हणता तसं." आधी पुढं ‘ताई’ असायचं. घाईत राहिलं असेल.

२८ सप्टेंबर

माझा स्वतःचा खर्डा? एक ओळ पुढं गेलेली नाही. ‘तू कुठं आहेस यात.’ बसले की त्रिंबकचं तेवढंच वाक्य. दीपगृह, दिवा, जहाज. मी कुठंच नाही. मी इथं याद्या करते.

२ ऑक्टोबर

दसरा. आबांनी दोन्ही ट्रकना हार घातले. मी ओवाळलं.

४ ऑक्टोबर

आज आमच्या अंगणात ती येऊन गेली!

दसरा झाला की आबांच्या ट्रकमधून टोळ्या कर्नाटकात ऊस तोडायला जातात. एक गाडी दिवाळीआधी, एक दिवाळीनंतर. दर वर्षी या सुमाराला लोक येतात, आबांशी बोलतात, बंकट मुकादम नावं सांगतो आणि मी यादी करते. आज चार-पाच घरं आलती. मी आत चहा गाळत होते.

"आबा, औंदा आमाला दिवाळीनंतरच्या गाडीत घाला," कुणीतरी म्हणालं. उत्तरेश्वर नाव, बंकटनं सांगितलं. "पोरीचं काईतरी लिवायचं काम हाय. पंधरा तारखेपस्तोर. तिकडं रेंज नसती."

"काय लिवती?" आबा.

"लेख हाय आबा."

तिचा आवाज! हातातलं गाळणं तसंच राहिलं.

"लेख!" आबा हसले. वाईट नाही हसले, कौतुकानंच. "बरं बरं. लिव बाई. आमच्याकडं बी एक हाय लिवणारी, पर ती दाखवीत न्हाई कुणाला. ए सायली! चहा आण गं!"

ट्रे आईच्या हातात दिला. "मला बरं नाही."

"आत्ता तर चांगली हुतीस! चार पावलं जायला काय हुतंय तुला?"

"तूच ने ना आई! एकदा सांगितलं ना, मी न्हाई जाणार!"

ओरडलेच मी. अंगणात ऐकू गेलंच असणार. मग आई बडबडत चहा घेऊन गेली.

खिडकीच्या जाळीतून पाहिलं. एवढीशी आहे. माझ्या खांद्याला लागेल. कॉलेजचा ड्रेस, पायात बापाच्या चपला. शेजारी आई, भिवराबाई, पदर तोंडाला लावून बसलेली. मनिषा स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होती. कप हातात घेतला तरी बघतच होती.

ट्रे परत आला तर आठातले सातच कप रिकामे होते.

५ ऑक्टोबर

यादीला बसले. आबा शेजारी सुपारी कातरत.

"उत्तरेश्वरचं घर दुसऱ्या गाडीला टाक, दिवाळीनंतरच्या. पोरगी लिवती म्हणं. शिकूद्या."

मी मान वर केली नाही. म्हटलं, "आबा, पहिल्या गाडीला एक घर कमी पडतंय. जागा रिकामी कशाला ठेवता?"

"आसं हाय का?"

"हो की. आणि लेख काय, मोबाइलवर कुठूनही पाठवता येतो."

"तेबी खरं. टाक तुला बरं वाटंल तसं. तुला त्यातलं कळतंय."

मला त्यातलं कळतंय! टाईप केलं – उत्तरेश्वर, भिवराबाई, मनिषा. गाडी पहिली. ११ ऑक्टोबर.

दुसऱ्या गाडीतून एक जोडपं पुढं घेतलं असतं तरी भागलं असतं. त्यांनीच विचारलं होतं लवकर जायचं. म्हणजे दोन ओळी अदलाबदल करायच्या होत्या, बस्स. तीन मिनिटं पडद्याकडं बघत बसले. मग प्रिंट काढली.

दिवाळी त्यांची आता उसाच्या फडावर. पाचटात. टाईप करताना हे कळत होतं, नाही असं नाही.

७ ऑक्टोबर

तिचा मेसेज –

"ताई आमची गाडी पहिली लागली. चार दिवस उशिरा लागली आसती तर लेख नीट झाला आसता. तुमाला काय वाटतं?"

मला काय वाटणार! असं विचारतं का कुणी? पुण्यातल्या माणसाला गाडीचं काय? लिहिलं, "मन लावून केलंस तर चार दिवसांतही होईल."

बराच वेळ ती ऑनलाइन दिसत होती. मग –

"बरं."

१० ऑक्टोबर

तिनं पक्का खर्डा त्रिंबकला पाठवून दिला. मला नाही दाखवला. दाखवायचं काही राहिलंच नव्हतं म्हणा त्यात.

११ ऑक्टोबर

सकाळी सात वाजता गाडी निघाली. गच्चीवर जायचं नाही असं ठरवलं होतं. गेले.

पिठाची पोती, गोणपाटात बांधलेली भांडी, दोन पिंजऱ्यांत कोंबड्या, एक शेळी. त्यावर गाद्यांच्या वळकट्या आणि वळकट्यांवर माणसं. भिवराबाई सगळ्यांत वर, निळ्या ताडपत्रीच्या कडेला, दोराला मनगटाचा वेढा घालून. अगदी तशी. मी दोर धरून बसते.

ट्रक अंगणातून मागं घ्यायचा होता. उत्तरेश्वर मागं जाऊन उभा राहिला. हात हलवत, "येऊ दे... येऊ दे... येऊ दे..." मी जिचं वाक्य कापलं तिचा बाप माझ्या डोळ्यांदेखत ते वाक्य म्हणत होता.

मनिषा शेवटी चढली. चढताना वर बघितलं, गच्चीकडं. मी पाण्याच्या टाकीमागं बसले. बसूनच राहिले. गाडीचा आवाज माजलगावच्या रस्त्याला लागेपर्यंत.

खाली आले ती सरळ लॅपटॉपवर. आई तीनदा जेवायला बोलवून गेली. चार तास उठले नाही. निबंध झाला! अख्खा नवा!

१२ ऑक्टोबर

दीपगृहाची बाई जहाजं जाताना बघते. गावी आलेली मी गच्चीवरून ट्रक जाताना बघते. तिला हात करता येत नाही, मलाही नाही. ताडपत्री निळी होती ते लिहिलं, कोंबड्या लिहिल्या, दोराचा वेढा लिहिला. मी टाकीमागं लपले तेसुद्धा लिहिलं – ‘त्या नजरेला नजर द्यायची माझी लायकी नव्हती’ असं. रडायला आलं लिहिताना. खरं रडायला.

ग्रुपवर टाकला. ‘दसऱ्याला बीडकडं मूळ गावी आलेय’ म्हटलं; ‘त्या भागाची माहिती नाही’ हे माझं जुनं वाक्य कुणाला आठवतंय!

१३ ऑक्टोबर

त्रिंबक – "आता दिसलीस."

नाथा – "तायडे, रडवलंस गं. त्या दिवशीच्या समोशाबद्दल माफी."

या वेळी किती चेहरे आले ते मोजले नाहीत. वीस. बरं, मोजले.

थोड्या वेळानं त्रिंबकचा वेगळा मेसेज: "मनिषाचा पक्का खर्डा वाचला. जीव गेलाय गं त्यातला. पहिल्यात काय होतं आणि हे काय झालंय! कुणी सुधारून दिला तिला?"

मी लिहिलं, "कल्पना नाही. वाईट वाटलं."

१४ ऑक्टोबर

दुपारी त्रिंबकचा फोन. इतका खुश, की बँकेतल्या माणसाचा आवाज वाटेना.

"सायली, ऐक. चित्रकाराला पटवलं, आणखी एक चित्र देतोय. दोन्ही लेख घेतो. शेजारीशेजारी! तुझा गच्चीवरून, तिचा लोडवरून. असं कधी जुळून येतं का गं?"

"तिचा? तो तर बिघडलाय म्हणालास."

"पहिला! पहिला खर्डा. सोळा मेसेज आहेत माझ्याकडं, ‘भाकर थापू का’सकट छापीन. फक्त तिची परवानगी पाहिजे. फोन लागत नाही. ती तुला ताई म्हणते, बोलणं होत असेल ना? विचारतेस? उद्यापर्यंत?"

"विचारते."

फोन ठेवला आणि घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. आता काय जाणार होतं माझं? जागा मिळाली. कौतुक मिळालं. तिचं छापून आलं तर माझं एक अक्षर कमी होत नव्हतं. मला फक्त ‘हो म्हणाली’ एवढं लिहायचं होतं. किंवा खरंच फोन लावायचा होता. बंकटला विचारलं असतं तर त्यानं तिथल्या मुकादमाच्या फोनवरून जोडून दिला असता. दहा मिनिटांचं काम.

पण शेजारीशेजारी! लोक माझा वाचणार, डोळे पुसणार, पान उलटणार आणि – ‘वाटलं, आई पडली.’ झालं! मग माझ्या गच्चीकडं कोण बघतंय?

पाच वाजता लिहिलं: "बोलले तिच्याशी. ती नको म्हणतेय. घरचं जगापुढं नको, असं तिच्या आईचं म्हणणं आहे. फार आग्रह करू नये असं वाटतं."

तिच्या आईलापण ओढलं मी. आईच्या नावावर कुणी पुढं विचारत नाही.

त्रिंबक – "अरेरे. पण तिचा निर्णय. मान राखू."

१५ ऑक्टोबर

फोन हातात घेतला. ठेवला.

१७ ऑक्टोबर

अंक आला. माझा लेख पहिला! चित्र सुंदर – गच्ची, टाकी, लांब जाणारा ट्रक. खाली ओळख: ‘सायली, पुणे. मुळची बीड जिल्ह्यातली.’ मराठीतल्या गेमलेखनाला माणूस सापडला, असं कुणीतरी लिहिलंय. अनोळखी बाईनं दोन पानी मेल पाठवली. एका प्रकाशकानं नंबर मागितला.

आबांना दाखवला नाही. आईनं विचारलं, "आज लई हसतीयस, काय झालं?" म्हटलं, नोकरीचं जमतंय.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. आबा म्हणाले, पहिल्या गाडीचे लोक नीट पोचले, कोप्या बांधून झाल्या. मी विचारलं नव्हतं.

२ नोव्हेंबर

मनिषाला रेंज मिळाली. मला वेगळं नाही लिहिलं. ग्रुपवर, सगळ्यांसमोर, बोलून टाईप केलेलं –

"सायलीताई लेख वाचला आईला बी वाचून दाखवला. या वेळी सगळा कळला. फकस्त ट्रक कुणाचा हाय आन् आमची नावं त्या गाडीत कुणी टाकली तेवढं लिवायचं राहिलं."

खाली त्रिंबक – "म्हणजे?"

मनिषा टाईप करतेय.